सामाईक मीटर आणि भाडेकरूची गृहज्योती

बेळगावच्या वडगावहून एका वाचक भगिनींचे चार पानी पत्र आले आहे. नाव छापू नये ही त्यांची विनंती पाळतो आणि पत्राचा आशय तेवढा देतो. त्या मूळच्या महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातल्या. यजमानांना उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत काम लागले, तेव्हापासून गेली सहा वर्षे हे कुटुंब वडगावात एका घराच्या परड्याकडील दोन खोल्यांत भाड्याने राहते. घरात सासूबाई, दहावीतली मुलगी आणि धाकटा मुलगा आहे. ताई घरी ब्लाऊज शिवतात, साड्यांना फॉल-पिको करून देतात. पुढच्या भागात घरमालकांचे कुटुंब आणि मागे चार भाडेकरू, अशा पाच बिऱ्हाडांना मिळून हेस्कॉमचा, म्हणजे इथल्या सरकारी वीज कंपनीचा, एकच मीटर आहे. भाडेकरूंना घरमालकांनी आपले सब-मीटर बसवून दिले असून युनिटला दहा रुपये घेतले जातात. गेल्या महिन्यात ताईंचे ७१ युनिट झाले आणि ७१० रुपये गेले. मुलीने एकदा दारात पडलेले मूळ बिल पाहिले, त्यावर ३४२ युनिट होते. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या ‘गृहज्योती’ योजनेचे विचारले तेव्हा ‘मीटर आमच्या नावावर आहे, तुमचा त्यात काय संबंध’ असे उत्तर मिळाले. सिलिंडर जास्त दिवस पुरावा म्हणून डाळ-भात गॅसवर आणि भाकरी व आंघोळीचे पाणी जळणावर, अशी वाटणी त्यांनी केली आहे. पावसाळ्यात जळण ओले होते, तेव्हा यजमान कारखान्यातून उरलेला कोक (भट्टीचा कोळसा) आणतात आणि थंडीत सासूबाईंच्या खोलीत तीच शेगडी रात्री ठेवली जाते.

भाडेकरूला गृहज्योती मिळते का, मिळत असेल तर मागितल्यावर खोली सोडावी लागेल का, घरगुती मीटरवर शिलाई मशीन चालवले तर दंड होतो का, आणि कन्नड वाचता येत नसताना हे सगळे करायचे कसे, असे त्यांचे प्रश्न आहेत. शेवटी एक ओळ आहे : ‘सासूबाई म्हणतात, सरकारचे फुकटचे नको.’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही न विचारलेल्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण ती उद्यावर टाकण्यासारखी नाही. पेटलेल्या कोकची शेगडी बंद खोलीत रात्री ठेवू नका. कोकला धूर फारसा नसतो, म्हणून तो लाकडापेक्षा बरा वाटतो. पण हवा पुरेशी मिळाली नाही की त्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. सकाळी डोके जड होणे, मळमळणे ही त्याचीच खूण असू शकते. सासूबाईंना ऊब हवी असेल तर झोपण्यापूर्वी रबरी पिशवीत गरम पाणी भरून द्या. शेगडी पेटवायचीच झाली तर ती परड्यात, उघड्यावर पेटवावी आणि निखारे विझेपर्यंत ती आत आणू नये.

आता मीटरकडे वळू. तुमच्या घराची नोंद करणाऱ्याने कागद पाहिला तर घरात वीज आहे आणि गॅसही आहे, म्हणजे उणे काही नाही. दिवा आहे पण तो लावताना दहा रुपयांचा हिशेब करावा लागतो, गॅस आहे पण भाकरी चुलीवर भाजावी लागते, ही अवस्था कागदावर उमटत नाही. अभ्यासक तिला ऊर्जा दारिद्र्य म्हणतात. तुमच्या बाबतीत त्याचे मूळ मिळकतीत जितके आहे तितकेच त्या सामाईक मीटरमध्येही आहे. सरकारी मदत माणसापर्यंत थेट येत नाही. ती मीटरच्या तारेतून, रेशनकार्डातून किंवा छतावरून येते. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या सौर संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, पण ते ज्याच्या मालकीचे छत आहे त्याला. ज्याच्याकडे स्वतःचा मीटर नाही, छत नाही आणि ज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यात आहे, तो माणूस गरीब असूनही योजनांच्या यादीत सापडत नाही. म्हणून तुमचा पहिला प्रश्न ‘गृहज्योती मिळते का’ हा नसून ‘माझ्या दोन खोल्यांना हेस्कॉमचा मीटर मिळतो का’ हा आहे. तो सुटला तर बाकीचे बरेचसे आपोआप सुटते.

भाडेकरूला गृहज्योती निश्चित मिळते. योजनेचा लाभ जुलै २०२३च्या वापरापासून, म्हणजे ऑगस्टमध्ये आलेल्या बिलापासून सुरू झाला आणि आज राज्यातील दीड कोटीहून अधिक घरगुती ग्राहक त्यात आहेत. त्यात मालक-भाडेकरू असा भेद नाही. एका आधार क्रमांकावर एकाच मीटरला लाभ मिळतो, एवढेच बंधन आहे. मात्र ‘२०० युनिट फुकट’ हे लोकांच्या तोंडी बसलेले वाक्य अपुरे आहे. प्रत्यक्षात २०२२-२३ या आर्थिक वर्षातील त्या मीटरची मासिक सरासरी काढतात, तीत दहा टक्के (सरासरी ४८ युनिटांहून कमी असेल तर दहा युनिट) मिळवतात आणि तेवढेच युनिट माफ होतात. ज्या मीटरला जुना इतिहासच नाही, त्याला राज्याची ५३ युनिटांची सरासरी धरून दहा टक्के मिळवतात, म्हणजे ५८ युनिट. वापर त्याहून थोडा जास्त झाला तर वरच्या युनिटांचेच पैसे भरायचे. पण महिन्यात २०० युनिट ओलांडले की त्या महिन्याचे सगळे बिल भरावे लागते.

ही शेवटची अट तुमच्या परड्यात काय करते ते पाहा. पाच बिऱ्हाडांचे मिळून ३४२ युनिट होतात, म्हणून तो मीटर २००च्या कितीतरी पुढे जातो आणि कोणालाच काही मिळत नाही. यंत्रणेच्या दृष्टीने ते एक मोठे, सुखवस्तू घर आहे. प्रत्यक्षात ती पाच बिऱ्हाडे आहेत आणि वेगवेगळ्या मीटरवर असती तर त्यांतल्या बहुतेकांचे बिल शून्याच्या जवळपास आले असते. तेव्हा घरमालक गृहज्योतीचा लाभ स्वतः घेऊन तुमच्याकडून दहा रुपये वसूल करतात, असा तुमच्या पत्रात जो संशय डोकावतो, तो या आकड्यांवरून तरी खरा दिसत नाही. त्यांनाही पूर्ण बिल येत असणार.

मग दहा रुपये रास्त आहेत का? सध्या घरगुती दर युनिटला सहा रुपयांच्या आसपास आहे; त्यावर मंजूर भाराच्या (मीटरला मंजूर झालेल्या वीजक्षमतेच्या) प्रत्येक किलोवॅटमागे दीडशे रुपयांच्या आसपास स्थिर आकार आणि वीज आकारावर नऊ टक्के कर लागतो. मंजूर भार तीन किलोवॅट धरला तर ३४२ युनिटांचे बिल साधारण पावणेसत्तावीसशे रुपये होते, म्हणजे युनिटला आठ रुपयांच्या आत. पाण्याची मोटर आणि जिन्यातला दिवा यांचा वाटा धरला तर आठ-साडेआठ म्हणता येतील. आता दुसऱ्या बाजूने पाहा : चारही भाडेकरूंचा वापर तुमच्याएवढाच असेल तर २,८४० रुपये गोळा होतात, म्हणजे घरमालकांच्या स्वतःच्या घरची वीज फुकट होऊन वर शे-दीडशे उरतात. हा माझा अंदाज आहे. मूळ बिल हाती आल्याशिवाय तो कोणाच्या तोंडावर फेकू नका. घरमालकांना कदाचित हा हिशेब कधी मांडावासाही वाटला नसेल. कुणीतरी कधीतरी ‘दहा’ म्हणाले आणि तेच चालत आले. मी कॉलेजात असताना खडेबाजाराजवळच्या एका वाड्यात राहत होतो. रात्री दहानंतर दिवा चालू ठेवायचा तर महिना दोन रुपये जादा द्यावे लागत, आणि ते कशाचे, हे विचारायची पद्धत नव्हती. आम्हीही कधी विचारले नाही.

तुमच्या पत्रातली खरी भीती खोली जाण्याची आहे. ती मी हलकी मानत नाही. विद्युत कायदा २००३च्या कलम ४३ मध्ये जागेचा मालक किंवा तिथे राहणारा, या दोघांपैकी कोणीही मागणी केली तर वीज देणे कंपनीचे कर्तव्य आहे असे म्हटले आहे. ‘राहणारा’ या शब्दात तुम्ही येता. परंतु व्यवहारात कचेरी मालकाची संमती मागते, आणि कायद्याच्या बळावर मीटर मिळवून खोली घालवणे तुम्हाला परवडणार नाही. मुलगी दहावीला आहे. या वर्षी तरी बिऱ्हाड हलवण्याची वेळ येऊ नये. म्हणून बोलणी गोडीनेच करावीत, पण मोघम करू नयेत.

घरमालकांच्या मनात बहुधा दोन गोष्टी असतील. पहिली अशी की भाडेकरूच्या नावावर मीटर गेला की तो जागेवर हक्क सांगेल. हे भय अनाठायी आहे, कारण मीटर तुमच्या नावावर करण्याची गरजच नाही. तुमच्या खोल्यांसाठी घेतलेला नवा मीटर घरमालकांच्या नावावर राहू शकतो. गृहज्योतीच्या नोंदणीत भाडेकरू म्हणून त्याला तुमचा आधार क्रमांक जोडायचा असतो. तुम्ही खोली सोडलीत की ती जोडणी काढून टाकण्याची सोय २०२४ पासून झाली आहे, त्यामुळे पुढच्या भाडेकरूला त्याच मीटरवर आपला आधार जोडता येतो आणि तुम्हाला नव्या घरी लाभ घेता येतो. दुसरी गोष्ट ते बोलून दाखवणार नाहीत. दहा रुपयांतून सुटणारी त्यांची बचत बंद होईल, ही ती गोष्ट. तिच्यावर उपाय आहे आणि तो तुम्हालाही परवडतो.

असे म्हणून पाहा : ‘काका, मीटर तुमच्याच नावावर राहू दे. बसवण्याचा खर्च आम्ही निम्मा उचलतो. भाडे महिना दोनशेने वाढवा, करारात तसे लिहू. बिल आमचे आम्ही भरू, थकले तर तुम्ही आम्हाला विचारायला मोकळे.’ तुमच्या बाजूने हिशेब असा पडतो की, ७१ युनिटांपैकी ५८ माफ झाले तर उरलेल्या १३ युनिटांचे ऐंशी-नव्वद रुपये भरावे लागतील. त्यात वाढीव भाड्याचे दोनशे मिळवले तरी आजच्या ७१० रुपयांच्या जागी तीनशेच्या आत भागते. वाढीव भाडे त्यांना पावतीने मिळते, वीजबिलाच्या वसुलीची कटकट जाते आणि त्यांचा स्वतःचा मीटर ७१ युनिटांनी हलका होतो. शक्य असेल तर चारही बिऱ्हाडांनी एकदम बोलावे. एकटीने मागितले तर ती तक्रार वाटते, चौघींनी मागितले तर तो घराच्या वायरिंगचा विषय होतो. परवाना असलेला वायरमन एकाच खेपेत सगळ्यांची वायरिंग वेगळी करून देतो आणि खर्चही विभागला जातो. हेस्कॉमचा माणूस पाहणीला येईल तेव्हा तुमचा भाग खरोखर वेगळा आहे का, म्हणजे दार, स्वयंपाकाची जागा आणि वायरिंग स्वतंत्र आहे का, हे तो पाहील. घराच्या बांधकाम परवान्याची कागदपत्रेही मागितली जाऊ शकतात. ती घरमालकांकडेच असणार, म्हणूनही त्यांना बरोबर घेऊन चालण्याला पर्याय नाही.

ते नाहीच म्हणाले तर? तर भांडू नका. मूळ बिलाची प्रत दर महिन्याला दाखवावी आणि त्यावर जो दर निघेल तोच आकारावा, एवढी मागणी ठेवा. आठ आणि दहा यांत तुमच्या ७१ युनिटांवर महिना जवळपास दीडशे रुपयांचा फरक आहे. दरम्यान प्रत्येक पहिल्या तारखेला सब-मीटरचे रीडिंग भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवत जा. आणि पुढेमागे दुसरी खोली बघायची झाली तर भाड्याच्या आधी मीटरचे विचारा.

मीटर बसल्यावरची कामे फार नाहीत. अकरा महिन्यांचा भाडेकरार ई-स्टॅम्प कागदावर करा आणि त्यात घराचा पत्ता बिलावर छापला असेल तसाच, अक्षर न बदलता लिहा. नोंदणी सेवासिंधू पोर्टलवर होते. मोबाइलवर स्वतः केली तर त्याला पैसे लागत नाहीत. ते जमणार नसेल तर शहरात ‘कर्नाटक वन’ हे सरकारी सेवांचे केंद्र आहे, हेस्कॉमच्या कचेरीतही नोंद करून घेतात. लागणाऱ्या गोष्टी म्हणजे बिलावरचा खाते क्रमांक, आधार आणि भाडेकरार. फॉर्ममध्ये ‘मालक’ की ‘भाडेकरू’ असे विचारले जाते, तिथे न चुकता भाडेकरू निवडा. बहुतेकांचे घोडे अडते ते आधारला जोडलेल्या मोबाइल क्रमांकापाशी. ओटीपी त्या क्रमांकावर येतो, आणि तुम्ही लिहिता की तुमच्या आधारला अजून माहेरचा, वडिलांचा जुना क्रमांक आहे. तो आधार केंद्रात जाऊन बदलून घ्या. बोलण्यांचा निकाल काहीही लागो, हे काम या आठवड्यात उरकून टाका. नोंदणी झाल्यावर पोचपावती जपून ठेवा, आणि वरच्या युनिटांचे जे थोडे पैसे येतील ते थकवू नका, कारण थकबाकी राहिली की कनेक्शन तोडण्याची पाळी येऊ शकते. तशी पाळी आलीच तर १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

शिलाई मशीनबद्दल शेजारणीने घातलेली भीती मनातून काढून टाका. घरगुती दराच्या वर्गवारीतच, घराच्या एखाद्या भागात राहणाऱ्याने चालवलेले काही उद्योग धरलेले आहेत आणि त्यांत हातमाग, सोनारकाम, धोब्याचे काम यांच्याबरोबर शिवणकामाचाही उल्लेख आहे. घरात बसून ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला त्यासाठी व्यापारी मीटर लागत नाही. यंत्रमागाची गोष्ट वेगळी. वडगाव-खासबागेत घराघरांतून माग चालतात, त्यामुळे हा गोंधळ झाला असावा. यंत्रमागाला वेगळे कनेक्शन लागते, आणि दहा अश्वशक्तीपर्यंतच्या मागांना राज्य सरकारने महिना २५० युनिटांपर्यंत वीज मोफत केली आहे, ती त्या वेगळ्या मीटरवर.

कन्नडबद्दल. बिलावरचे आकडे आपल्याला कळणारेच असतात. शब्द चार-पाचच ओळखायचे आहेत. मुलीच्या शाळेत कन्नड विषय असेलच, तिला बिल समोर धरून वाचायला सांगा. ‘बळके’ म्हणजे वापर, ‘निगदित शुल्क’ म्हणजे स्थिर आकार, ‘तेरिगे’ म्हणजे कर. आणि ‘बाकी’ हा शब्द तर दोन्ही भाषांत सारखाच आहे, दुर्दैवाने अर्थासकट. अर्ज मराठीत दिला तर चालतो का, असे तुम्ही विचारता. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे कोणत्याही व्यक्तीला आपली तक्रार राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येते, आणि मराठी ही या जिल्ह्यात वापरात असलेली भाषा आहे हे कोणी नाकारू शकत नाही. तरीही माझा सल्ला असा की, तक्रारअर्ज मराठीत लिहून सही करा आणि त्याला कन्नड प्रत जोडा. खिडकीपलीकडचा माणूस तुमचा अर्ज वाचून लगेच पुढे पाठवू शकला पाहिजे. तो भाषेच्या सबबीखाली टेबलावर पडून राहिला तर तुमचाच महिना जातो. पोच म्हणून तुमच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. फोनवर तक्रार करायची तर १९१२ हा क्रमांक आहे. विभागीय कचेरीत दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल, अशी कायद्याने ठरवून दिलेली वाट आहे. तिला वकील लागत नाही.

गॅसचे गणित सीमेमुळे किचकट झाले आहे. तुमचे नाव चंदगडच्या रेशनकार्डावर सासूबाईंबरोबर आहे आणि उज्ज्वलाचे कनेक्शनही तिथेच, त्यांच्या नावावर आहे. एका कुटुंबाला उज्ज्वलाचे एकच कनेक्शन मिळते, त्यामुळे बेळगावात तुमच्या नावाने दुसरे मिळणार नाही. सासूबाई आता कायम तुमच्याकडेच राहत असतील तर ते कनेक्शन इकडे बदली करून घेणे उत्तम. तिकडच्या एजन्सीत सिलिंडर व रेग्युलेटर जमा करून बदलीचा कागद घ्यायचा आणि तो इथल्या एजन्सीत द्यायचा. उज्ज्वलाच्या ग्राहकाला सिलिंडरमागे मिळणारे ३०० रुपये त्यामुळे बुडत नाहीत. २०२५-२६ साठी ही सवलत वर्षाला नऊ सिलिंडरांपर्यंत ठेवली होती. तोपर्यंत तेल कंपन्यांचा पाच किलोचा छोटा सिलिंडर केवळ ओळखपत्रावर मिळतो. त्यावर सवलत नाही, पण तुम्ही आता जिथे किलोच्या भावाने लहान सिलिंडर भरून घेता त्या दुकानापेक्षा तो कितीतरी सुरक्षित आहे. मोठ्या सिलिंडरमधून लहानात गॅस भरणे हे बेकायदेशीर आणि स्फोटक काम आहे. त्या दुकानात पाऊल ठेवू नका.

नणंद म्हणतात की कार्ड चंदगडलाच राहू दे, तिकडे लाडकी बहीण आहे, अन्नपूर्णेचे वर्षाला तीन सिलिंडर आहेत. त्यांचे गणित समजते. सीमेपलीकडे सिलिंडर आणि अलीकडे युनिट, असा हा प्रकार आहे आणि आपण मधल्या उंबऱ्यावर बसलो आहोत. पण त्या योजना महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी आहेत आणि तुम्ही सहा वर्षे वडगावात राहता. दोन्हीकडे रहिवासी म्हणून सही करू नका. पुढे वसुली निघाली तर ती तुम्हालाच जड जाईल. गृहज्योतीला कर्नाटकाचे रेशनकार्ड लागत नाही. कुटुंबप्रमुख स्त्रीला महिना २,००० रुपये देणाऱ्या गृहलक्ष्मीला मात्र ते लागते. तेव्हा तिकडची नावे कमी करून त्याचा दाखला घेणे आणि इथे कार्डासाठी अर्ज करणे, हा निर्णय यजमानांशी बसून घ्या. तोपर्यंत चंदगडच्या कार्डावरचे केंद्राचे धान्य इथल्या रास्त भाव दुकानात अंगठा देऊन उचलता येते.

राहिला वापर. ५८ युनिटांत तुमचे घर बसेल का? पंखा ७५ वॅटचा, दहा तास चालला तर महिन्याला २२ युनिट. एलईडी दिवे मिळून सात-आठ. शिलाई मशीन रोज चार तास चालले तर दहा. टीव्ही सात. मिक्सर, मोबाइल धरून पन्नासच्या आसपास होतात. मग तुमचे ७१ कसे झाले? तुमच्याच पत्रात कडेला लिहिलेल्या ओळीत उत्तर आहे : ‘पावसात कधी कधी रॉड लावते.’ पाणी तापवायचा रॉड १,५०० वॅटचा असतो. रोज अर्धा तास लावला तर महिन्याला २२ युनिट एकटा खातो, म्हणजे दहा तास फिरणाऱ्या पंख्याएवढे. रॉड लावूच नका असे मी म्हणणार नाही. भर पावसाळ्यात ओल्या जळणावर बंब पेटवून सासूबाईंच्या छातीत धूर भरण्यापेक्षा रॉडचे ते दीडशे रुपये परवडले, विशेषतः दर दहावरून सहावर आल्यावर. पण बादली झाकून ठेवा, रॉड पाण्यात बुडवल्यानंतरच बटण लावा, बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका, आणि मुलांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नका. जळण वापरायचेच असेल तर मे महिन्यातच ते फोडून छपराखाली रचून ठेवा. धूर निम्मा ओलीमुळेच होतो. पंखा बदलायची वेळ येईल तेव्हा तीस वॅटच्या आसपास चालणारा नव्या धाटणीचा घ्या. आज मुद्दाम बदलू नका, कारण त्याची किंमत तुमच्या दोन महिन्यांच्या बिलांहून जास्त आहे. मुलीच्या अभ्यासाचा दिवा मात्र या काटकसरीतून वगळा. नऊ वॅटचा एलईडी रात्री चार तास जळला तरी महिन्याला एक युनिटच होतो.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचा करारीपणा मला कळतो. पण त्यांना एवढे विचारा की, पुढच्या गल्लीत तीन खोल्यांचे स्वतःचे घर असलेल्यांचे बिल शून्य येते, आणि त्यांचा मुलगा भट्टीपुढे उभा राहून कमावलेल्या पैशातून युनिटला दहा रुपये देतो. मग फुकटचे नेमके कोण घेत आहे? वीज कंपनीला माफ युनिटांचे पैसे सरकार करांतून देते, आणि काडेपेटीपासून लुगड्यापर्यंत जे जे त्या विकत घेतात त्यावर तो कर त्यांनीही भरलेला आहे.

घरमालकांशी बोलणे झाले की काय ठरले ते कळवा. मूळ बिलाची प्रत मिळाली तर तिचा फोटो पाठवा. नाव आणि खाते क्रमांक बोटाने झाकला तरी चालेल, मला मंजूर भार आणि स्थिर आकाराची ओळ तेवढी पाहायची आहे. माझा तीन किलोवॅटचा अंदाज चुकला असेल तर युनिटचा खरा दर पुन्हा काढून देईन.